गाडीचं ऑटो लॉक बंद करायचंय? आधी खटका कधी वाजतो ते बघा

ऑटो लॉक बंद केलं तरी दारं आपोआप लॉक होतातच, ही तक्रार फार जणांची असते. बहुतेक वेळा गाडीत काही बिघाड नसतो. बंद केलेलं लॉक वेगळं आणि त्रास देणारं लॉक वेगळं, एवढंच झालेलं असतं. आजच्या गाडीत दारं आपोआप लॉक करणाऱ्या तीन वेगवेगळ्या सोयी असू शकतात. सेंट्रल लॉकिंगचं किट बाहेरून बसवलेलं असेल तर चौथीही. प्रत्येकीचं कारण वेगळं, सेटिंग वेगळं, आणि एक बंद केल्यानं दुसरी बंद होत नाही. म्हणून मेनूत शिरण्याआधी एक-दोन दिवस नुसते कान देऊन बसा आणि खटका नेमका कधी वाजतो ते टिपा.

## खटक्यावरून ओळख

गाडी चालू लागल्यावर. वेग जरा वाढला की चारही दारं एकदम खटकन लॉक होतात. हे वेगावर चालणारं लॉक. फोक्सवॅगन, स्कोडा, ह्युंदाई, किया यांच्यात ते साधारण ताशी १५ किलोमीटरला लागतं, प्यूजो आणि सित्रोएनमध्ये १० ला, फियाटमध्ये २० ला. ऑटोमॅटिक गिअरच्या काही गाड्या वेगाची वाटही बघत नाहीत. गिअर ‘पी’मधून (पार्किंग) काढला की लॉक. मॅन्युअल गिअरच्या गाडीत ‘पी’च नसतो, त्यामुळे तिथं हा प्रश्न येत नाही.

रिमोटनं उघडल्यावर, थोड्या वेळानं. तुम्ही लांबूनच रिमोट दाबलात, गाडीनं लाइट मारले, आणि कुणाशी तरी बोलत उभे राहिलात. गाडीजवळ पोचेपर्यंत दारं पुन्हा लॉक. हे री-लॉक. रिमोट चुकून दाबला गेला तर गाडी उघडी राहू नये म्हणून ते दिलेलं असतं. गाडीप्रमाणे ३० ते ६० सेकंद दार उघडण्याची वाट बघितली जाते, नाही उघडलं तर पुन्हा लॉक.

चावी घेऊन लांब गेल्यावर. बटणानं स्टार्ट होणाऱ्या गाड्यांत हे असतं. दार लावून दोन-तीन मीटर लांब गेलात की बीप वाजतो आणि गाडी स्वतःला लॉक करते. होंडा याला वॉक अवे ऑटो लॉक म्हणते, टेस्लात ते फोनवरही चालतं.

इग्निशन ऑन केल्यावर किंवा ब्रेक दाबल्यावर, गाडी जागची हललेलीही नसताना. हा प्रकार दिसला की बाहेरून बसवलेल्या अलार्म किटवर पहिला संशय घ्या. त्याचा कंपनीच्या मेनूशी काही संबंध नसतो, मेनू कितीही चाळला तरी ते तिथं सापडणार नाही.

एक पाचवी गोष्ट लोक हमखास यात मिसळतात. मागचं दार आतल्या हँडलनं उघडत नाही, पण बाहेरून उघडतं, तर ते ऑटो लॉक नव्हे, चाइल्ड लॉक आहे. मागचं दार पूर्ण उघडून त्याच्या कडेला, लॅचच्या (दार अडकवून धरणाऱ्या यंत्रणेच्या) आसपास बघा. तिथं छोटी खिटी असते किंवा चावीचं टोक घालून फिरवायची खाच. ती उलट्या बाजूला केली की काम झालं. पुढचं काही वाचायची गरज नाही. काही गाड्यांत मात्र चाइल्ड लॉक विजेवर चालतं आणि त्याचं बटण ड्रायव्हरच्या दारावर असतं.

## कोणतं बंद करावं, कोणतं राहू द्यावं

री-लॉक आणि वॉक अवे ही दोन्ही त्रास देत असतील तर खुशाल बंद करा. नुकसान एवढंच की गाडी लॉक करायची जबाबदारी पुन्हा तुमच्यावर येते.

वेगावरच्या लॉकबद्दल जरा थांबून विचार करावा. गर्दीत गाडी उभी असताना बाहेरून कुणी दार उघडू नये, हा त्याचा मोठा उपयोग. मागे लहान मूल बसत असेल तर ते बंद करण्याआधी चाइल्ड लॉक लावलंय ना, ते पाहाच. ‘अपघातात दारं अडकतील’ ही भीती बऱ्याच जणांच्या मनात असते आणि त्यासाठी ते बंद केलं जातं. पण एअरबॅग असलेल्या बहुतेक आधुनिक गाड्यांत धडक बसल्यावर एअरबॅगचा कंट्रोलर सेंट्रल लॉकिंगला संदेश देतो आणि दारं अनलॉक होतात. ही सोय वेगळी आहे. तिला हात लावायचा नाही, आणि पुढे दिलेल्या रीतसर मार्गांनी तिला धक्का लागत नाही. वायर कापून किंवा फ्यूज काढून मात्र लागतो.

खरा त्रास पुष्कळदा लॉक होण्याचा नसतोच. गाडी थांबल्यावर मागच्या माणसाला उतरता येत नाही आणि दर वेळी ‘दार उघडा’ म्हणून सांगावं लागतं, हा असतो. त्यावर लॉक बंद करण्यापेक्षा ऑटो अनलॉक चालू करणं सोपं. ‘पी’ला टाकल्यावर, इग्निशन बंद केल्यावर किंवा ड्रायव्हरचं दार उघडल्यावर सगळी दारं उघडावीत, असे पर्याय त्याच मेनूत शेजारी बसलेले असतात. दिवसभर माणसं चढ-उतार करतात किंवा थांबत थांबत सामान पोचवायचं असतं, अशा गाडीला मात्र लॉकच बंद केलेलं बरं. दिवसाकाठी शंभरदा होणारी खटखट लॉकच्या मोटरलाही झिजवते.

आणखी एक ठिकाण असं आहे जिथं ते बंद हवंच. इग्निशन ऑन असताना गाडी ढकलली, टो केली किंवा वर्कशॉपमध्ये ब्रेक तपासायच्या रोलरवर चढवली, की चाकं फिरतात आणि गाडीला वाटतं आपण चाललो आहोत. चावी आत, माणूस बाहेर, दारं लॉक. मर्सिडीझच्या माहितीपुस्तिकेत याची वेगळी सूचनाच दिलेली आहे. कायमचं बंद करायचं नसेल तर अशा वेळी निदान ड्रायव्हरची काच खाली ठेवा.

## हात घालण्याआधी

ड्रायव्हरकडची काच पूर्ण खाली करा आणि दुसरी चावी गाडीबाहेर कुणाच्या तरी हातात किंवा स्वतःच्या खिशात असू द्या. बटणाची गाडी असेल तर ही दुसरी चावी गाडीपासून जरा लांबच बरी, नाहीतर गाडीला दोन चाव्या दिसतात आणि काही पायऱ्या चुकतात. हँडब्रेक ओढा. चारही दारं, डिकी आणि बॉनेट नीट लावा. एक जरी अर्धवट लागलं असेल तर निम्म्या गाड्या सेटिंग घेतच नाहीत, आणि का घेत नाहीत हे सांगतही नाहीत.

खालच्या पद्धतींत ‘इग्निशन ऑन’ म्हणजे डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागलेत पण इंजिन बंद आहे, अशी स्थिती. चावीच्या गाडीत स्टार्टर फिरण्याच्या आधीचा टप्पा. बटणाच्या गाडीत ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबायचं. बऱ्याच गाड्यांत पहिल्या दाबाला नुसता स्टिरिओ चालू होतो आणि दुसऱ्याला इग्निशन ऑन होतं. ब्रेकवर पाय राहिला तर इंजिनच चालू होईल आणि पहिल्यापासून करावं लागेल.

बॅटरी मरगळलेली असेल तर आधी तिचं बघा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या खाली असेल तर निदान कोडिंगच्या, म्हणजे सॉफ्टवेअर जोडून गाडीची आतली सेटिंग बदलण्याच्या, फंदात पडू नका.

## पहिला मार्ग: स्क्रीन किंवा मीटरमधला मेनू

गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत काम इथंच संपतं. गाडी उभी हवी; चालत्या गाडीत हे पर्याय फिकट दिसतात आणि दाबले जात नाहीत.

ह्युंदाई आणि कियामध्ये स्टिअरिंगवरच्या बटणांनी मीटरमधल्या यूझर सेटिंग्जमध्ये जा, तिथं ‘डोअर’ उघडा. ऑटो लॉकला तीन पर्याय दिसतात: बंद, वेगावर, आणि गिअर बदलल्यावर. मोठ्या स्क्रीनच्या नव्या मॉडेलमध्ये हेच ‘व्हेइकल’ किंवा गाडीच्या चित्राखाली हलवलेलं असतं. फोक्सवॅगन आणि स्कोडामध्ये ‘कार’ बटण, मग सेटअप, मग ‘ओपनिंग अँड क्लोजिंग’. तिथं ऑटोमॅटिक लॉकिंगसमोरची खूण काढा. बीएमडब्ल्यूमध्ये सेटिंग्जमध्ये दारं आणि चावी यांचा विभाग असतो. तिथं ‘गाडी चालू लागल्यावर लॉक’ आणि ‘दार न उघडल्यास पुन्हा लॉक’ अशा दोन वेगळ्या ओळी असतात. आपल्याला त्रास कोणती देतेय ते आधीच ठरवलेलं असेल तर इथं गोंधळ होत नाही. फियाटमध्ये शोधायचा शब्द ‘ऑटोक्लोज’.

बदल केल्यावर मेनूतून बॅक करत रीतसर बाहेर या, मग इग्निशन बंद करा. मेनू उघडा असतानाच इग्निशन बंद केलं तर काही गाड्या बदल जपून ठेवत नाहीत.

इथली नेहमीची गफलत प्रोफाइलची. ज्या गाड्या चावीप्रमाणे किंवा ड्रायव्हरच्या प्रोफाइलप्रमाणे सेटिंग लक्षात ठेवतात, त्यांत एका चावीवर बंद केलेलं लॉक दुसऱ्या चावीवर चालूच राहतं. घरात दोघं गाडी चालवत असतील तर दोन्ही चाव्यांनी, आणि पाहुण्यांसाठीच्या गेस्ट प्रोफाइलमध्येही, तोच बदल करून घ्या.

## दुसरा मार्ग: दारावरचं बटण दाबून ठेवणं

मेनू नसलेल्या गाड्यांत कंपन्यांनी ही सोय सेंट्रल लॉकच्या बटणातच दडवलेली असते. पद्धत कंपनीप्रमाणे बदलते, आणि त्याच कंपनीच्या दोन मॉडेलांतही थोडा फरक पडू शकतो.

सगळ्यात सोपी रेनॉची. गाडी उभी, इंजिन चालू, दारं लावलेली. सेंट्रल लॉकचं बटण साधारण ५ सेकंद, बीप ऐकू येईपर्यंत दाबून धरा. झालं. पुन्हा तसंच केलं की पुन्हा चालू. प्यूजो आणि सित्रोएनमध्येही बटण दाबूनच धरायचं, आवाज येतो आणि स्क्रीनवर संदेश दिसतो. संदेश नीट वाचा, कारण एकच कृती चालूही करते आणि बंदही.

जुन्या मर्सिडीझमध्ये हा गोंधळ नाही. इग्निशन ऑन करा, दारावरचं अनलॉकचं बटण ५ सेकंद दाबा, आवाज आला की ऑटो लॉक बंद. लॉकचं बटण ५ सेकंद दाबलं की चालू. बाकीच्यांनीही असंच करायला हवं होतं.

टोयोटाच्या मेनू नसलेल्या अनेक मॉडेलांत गिअर आणि बटण यांची जोडी असते:

१. सगळी दारं लावा, इग्निशन ऑन करा. इथून पुढचं काम २० सेकंदांत उरकायचं आहे.

२. ब्रेक दाबून गिअर ‘पी’ किंवा ‘एन’ला (न्यूट्रल) घ्या.

३. ड्रायव्हरच्या दारावरचं लॉकचं बटण हव्या त्या बाजूला ५ सेकंद दाबून धरा आणि सोडा.

४. सगळी दारं एकदा लॉक होऊन लगेच अनलॉक झाली की बदल घेतला गेला.

जोड्या अशा. ‘एन’ आणि लॉकची बाजू: वेगावरचं लॉक. ‘पी’ आणि लॉकची बाजू: गिअर काढल्यावर होणारं लॉक. ‘पी’ आणि अनलॉकची बाजू: ‘पी’ला टाकल्यावर होणारं अनलॉक. ‘एन’ आणि अनलॉकची बाजू: ड्रायव्हरचं दार उघडल्यावर होणारं अनलॉक. म्हणजे वेगावरचं लॉक घालवायचं असेल तर गिअर ‘एन’ला हवा. बरेच जण ‘पी’त ठेवूनच बटण दाबतात, दारं खटखट करतात, पण बदललेली असते भलतीच सोय. ‘एन’ला घेताना गाडी घरंगळू शकते, म्हणून हे काम सपाट जागेवर आणि हँडब्रेक ओढूनच.

फोर्डच्या चावीवर चालणाऱ्या अनेक जुन्या मॉडेलांची पद्धत सगळ्यात लांबलचक. पहिल्या पाच पायऱ्या ३० सेकंदांत व्हायला हव्यात, तेव्हा आधी एकदा कोरडा सराव करून घ्या:

१. इग्निशन बंद, दारं लावलेली. चावी घालून इग्निशन ऑन करा.

२. दारावरचं अनलॉकचं बटण तीनदा दाबा.

३. इग्निशन बंद करा.

४. पुन्हा अनलॉक तीनदा.

५. इग्निशन परत ऑन करा. हॉर्न एकदा चिवचिवला पाहिजे. म्हणजे गाडी सेटिंग घ्यायला तयार आहे.

६. आता अनलॉक एकदा आणि लगेच लॉक एकदा. हॉर्न एकदाच वाजला तर ऑटो लॉक बंद झालं. एक छोटा आणि एक लांब असे दोन वाजले तर ते चालू झालंय. हीच पायरी पुन्हा करा.

७. इग्निशन बंद करा. हॉर्न शेवटचं एकदा वाजतो आणि काम संपतं.

पाचव्या पायरीला हॉर्न वाजलाच नाही तर लगेच पुन्हा सुरू करू नका. निदान ३० सेकंद तसेच बसा. न थांबता चार-चारदा प्रयत्न करत राहिलं की गाडी आधीच्या आणि नंतरच्या प्रयत्नांतले दाब एकत्र मोजते आणि कधीच तयार होत नाही. दारावरची बटणंही नीट, एकेक करून, शेवटपर्यंत दाबा. अर्धवट दाब मोजला जात नाही.

निस्सानमध्ये लॉक होण्यापेक्षा आपोआप अनलॉक होणं बंद करायची पद्धत जास्त विचारली जाते. दारं लावून इग्निशन ऑन, २० सेकंदांच्या आत दारावरचं बटण अनलॉकच्या बाजूला ५ सेकंदांहून जास्त धरायचं. हॅझर्डचे दिवे एकदा लुकलुकले तर बंद, दोनदा तर चालू. पुन्हा बदलायचं असेल तर मध्ये इग्निशन बंद करून परत ऑन करावं लागतं.

तुमची गाडी या यादीत नसेल तर माहितीपुस्तिकेत ‘ऑटो डोअर लॉक’, ‘स्पीड सेन्सिंग’ किंवा ‘कस्टमाइझ’ या शब्दांखाली बघा. शेवटच्या पानांत एक तक्ता असतो: कोणती सोय गाडीचा मालक बदलू शकतो, कोणती फक्त सर्व्हिस सेंटरच्या मशिननं बदलते. त्या तक्त्यात वेगावरचं लॉक दुसऱ्या गटात असेल तर बटणं दाबत बसण्यात अर्थ नाही.

## वॉक अवे आणि री-लॉक

होंडाचं वॉक अवे स्क्रीनवरच्या गाडीच्या सेटिंगमधून कायमचं बंद करता येतं. पण कायमचं नको, फक्त आत्तापुरतं नको असेल, म्हणजे गाडी धुताना किंवा चावी खिशात ठेवून आत-बाहेर करताना, तर त्याचीही युक्ती आहे. इग्निशन बंद, ड्रायव्हरचं दार उघडं. दारावरचं मुख्य बटण लॉक, अनलॉक, लॉक, अनलॉक असं दाबा. बीप वाजला की सोय तात्पुरती थांबली. टेस्लात ‘कंट्रोल्स’मधल्या ‘लॉक्स’खाली वॉक अवेचं बटण आहे. घराच्या जागेपुरतं ते वगळायचा पर्यायही तिथंच मिळतो, आणि बहुतेकांना हवा असतो तो हाच.

री-लॉकचं मात्र कठीण. बहुतेक गाड्यांत त्याला मेनूच नसतो. सर्व्हिस सेंटरला त्याचा वेळ वाढवून मिळतो, किंवा कोडिंगनं ते बंद होतं. रोजच्या वापरात साधा उपाय असा: रिमोट दाबला की कोणतंही एक दार उघडून परत लावा. दार उघडल्याची नोंद झाली की घड्याळ थांबतं. फक्त डिकी उघडून भागेलच असं नाही; काही गाड्या डिकीला ‘दार’ धरत नाहीत. यातूनच चावी आत अडकण्याचे प्रसंग घडतात. माणूस अनलॉक करतो, डिकी उघडतो, पिशवी ठेवताना चावी तिथंच ठेवतो, डिकी लावतो. तेवढ्यात वेळ संपतो आणि सगळं लॉक. रिमोटवर डिकीचं वेगळं बटण असलेल्या काही गाड्यांत तर वेळ संपायचीही गरज नसते. त्या बटणानं नुसती डिकी उघडली असेल तर ती लावताक्षणी पुन्हा लॉक होते. बटणाच्या गाड्या आत राहिलेली चावी ओळखून बहुधा डिकी परत उघडतात, पण चावी धातूच्या डब्याखाली किंवा लॅपटॉपला चिकटून असेल तर तिचा सिग्नल दबतो. चावी डिकीत ठेवायचीच नाही, हे बरं.

## तिसरा मार्ग: ओबीडीतून कोडिंग

मेनूत नाही, बटणातही नाही, पण गाडीच्या बॉडी कंट्रोलरमध्ये (दारं, काचा, दिवे सांभाळणारा छोटा संगणक; अशा संगणकांना मॉड्यूलही म्हणतात) ही सोय एका ओळीच्या रूपात असतेच. तिथं पोचायचा रस्ता म्हणजे स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वर असलेलं १६ पिनांचं ओबीडी सॉकेट, गाडी तपासायचं मशिन जोडतात ते. फोक्सवॅगन गटासाठी व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन, बीएमडब्ल्यू आणि मिनीसाठी बिमरकोड, फोर्डसाठी फोरस्कॅन ही सॉफ्टवेअर सर्रास वापरली जातात. फोक्सवॅगन गटाच्या जुन्या पिढीत सेंट्रल लॉकिंगची कोडिंग ४६ नंबरच्या कम्फर्ट मॉड्यूलमध्ये असते, नंतरच्या गाड्यांत ०९ नंबरच्या सेंट्रल इलेक्ट्रिकलमध्ये. फोर्डच्या बऱ्याच मॉडेलांना दोन्ही कॅन लाइन (गाडीतल्या कंट्रोलरांना एकमेकांशी जोडणाऱ्या वायरी) वाचणारा अडॅप्टर लागतो. साधा ब्लूटूथ तुकडा इंजिनचे एरर दाखवतो, पण दारांच्या कंट्रोलरपर्यंत पोचत नाही.

क्रम असा ठेवा. बॅटरीला चार्जर लावा. ब्लोअर, हेडलाइट, स्टिरिओ बंद. मॉड्यूल उघडल्यावर आधी मूळ कोडिंग जशीच्या तशी फाइलमध्ये साठवा, वर स्क्रीनचा फोटोही काढा. एका वेळी एकच ओळ बदला, लिहा, इग्निशन बंद-चालू करा, तपासा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि काच वर जाईना, तर पाचांतली दोषी कोणती ते कळायला मार्ग राहत नाही. लिहिणं चालू असताना केबल हलवू नका, दार उघडू नका.

नव्या गाड्यांत हा रस्ता अरुंद होत चालला आहे. फियाट-क्रायस्लर गटाच्या २०१८ पासूनच्या अनेक गाड्यांत सुरक्षा गेटवे, म्हणजे बाहेरून येणारे बदल अडवणारं फाटक, आहे, आणि फोक्सवॅगन गटानं २०२० च्या सुमारास गोल्फच्या आठव्या पिढीपासून कोडिंगला स्वतःचं कुलूप घातलं. तिथं आधी अधिकृत परवानगी मिळवून मगच बदल लिहिता येतो. वॉरंटीतली गाडी असेल तर हा बदल सर्व्हिस सेंटरकडूनच करून घ्या आणि जॉब कार्डावर लिहून घ्या.

## बाहेरून बसवलेलं किट

किटचा डबा सहसा डॅशबोर्डखाली, पेडलच्या वर किंवा ग्लव्हबॉक्सच्या मागे टायनं बांधलेला असतो. त्यातून एक वायर इग्निशनला आणि काहींत एक वायर ब्रेकच्या स्विचला गेलेली असते. ‘इग्निशन आलं की लॉक, गेलं की अनलॉक’ हा हुकूम तिथून सुटतो. बहुतेक डब्यांना एक छोटं वॅले बटण (किटची सेटिंग बदलायचं) किंवा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असतो. इग्निशन ऑन असताना ते बटण ठरलेल्या संख्येनं दाबून एकेक सोय चालू-बंद करता येते. संख्या किटप्रमाणे बदलते, म्हणून डब्यावरचा मॉडेल नंबर टिपून त्याचं पत्रक शोधा.

इग्निशनची वायर नुसती काढून टाकायचा मोह आवरा. अनेक किटांत तीच वायर चालत्या गाडीत सायरन आणि इंजिन कट होऊ देत नाही.

किटच नको असेल तर ते पूर्ण काढलं जावं आणि कापलेल्या मूळ वायरी सोल्डर करून जोडल्या जाव्यात. ड्रायव्हरच्या दारातली मोटर पाच वायरींची आणि बाकीच्या दारांतल्या दोन वायरींच्या, अशी या किटांची सर्वसाधारण मांडणी असते. पाचांतल्या दोन मोटरच्या, तीन स्विचच्या. डबा काढून मोटर तशीच ठेवली तर हातानं लॉक जड लागतं, म्हणून मोटरची सळई लॉकच्या सळईपासून सोडवून घ्या.

## फ्यूज आणि कात्री नको

सेंट्रल लॉकिंगचा फ्यूज काढला की ऑटो लॉक बंद होतं, हे खरं. पण त्याच फ्यूजवर पुष्कळ गाड्यांत काचा, आरसे, अलार्म, आतला दिवा किंवा रिमोटचा रिसीव्हर असतो, आणि धडक बसल्यावर दारं उघडणारी मोटरही त्याच विजेवर चालते. दारातल्या मोटरचा प्लग काढण्याचंही तसंच. वेगाची वायर कापण्याचा सल्ला देणारे तर धोकादायकच. तो सिग्नल मीटरला, काही गाड्यांत पॉवर स्टिअरिंगला आणि गिअरबॉक्सलाही जात असतो. एका खटक्यासाठी डॅशबोर्डवर चार दिवे पेटवून घ्यायचे नाहीत.

## झालं का, ते तपासणं

काच खाली ठेवून, मोकळ्या जागी, ३० किलोमीटरपर्यंत वेग न्या. दाराची खिटी किंवा डॅशबोर्डवरचा लॉकचा दिवा बघायला शेजारी दुसरं माणूस असलेलं बरं. मग थांबा, मागचं दार उघडून लावा, पुन्हा निघा. काही गाड्या पहिल्या खेपेला गप्प राहतात आणि दार उघडून लावल्यावर लॉक करतात. शेवटी इग्निशन बंद करून दुसऱ्या चावीनं हेच सगळं एकदा. रिमोटनं हातानं लॉक-अनलॉक होतंय ना आणि अलार्म लागतोय ना, तेही बघून घ्या.

## सगळं बंद करूनही लॉक होतंय तेव्हा

आता हा बिघाड समजा आणि चावीपासून सुरुवात करा. झिजलेल्या रबराखाली लॉकचं बटण दबलेलं राहतं, किंवा खिशात दुसऱ्या वस्तूनं दाबलं जातं. दोन्ही रिमोटमधले सेल एक दिवस काढून ठेवा आणि गाडी चावीच्या पात्यानं उघडा. सेल बहुधा सीआर २०३२ असतो. परत घालताना सपाट बाजूवरची अधिकची खूण बघा. सेल नसताना लॉक होणं थांबलं तर दोष चावीचा. बटणाच्या गाडीत इंजिन चालू करायला चावी स्टार्ट बटणाला किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी टेकवावी लागेल. फोनच्या अ‍ॅपमध्येही डोकवा, काहींत ‘लॉक करायचं राहिलं तर लॉक कर’ अशी सोय असते.

चावी निर्दोष असेल तर दाराचा लॅच. त्याच्या पोटात एक बारीक स्विच असतो, तो ‘दार लागलं’ की ‘उघडं’ हे सांगतो. दुसरा ‘लॉक’ की ‘अनलॉक’ हे सांगतो. पहिला बिघडला तर आतला दिवा उगाच लागतो-विझतो किंवा चालत्या गाडीत दार उघडं असल्याची खूण झळकते, आणि री-लॉक भलत्याच वेळी होतं. ड्रायव्हरच्या दारातला दुसरा बिघडला तर गाडीला वाटतं ड्रायव्हरनं हातानं लॉक केलं, आणि ती बाकीची दारंही मागोमाग लॉक करते. दार उघडं ठेवून लॅचचा आकडा (हुक) स्क्रूड्रायव्हरनं बंद स्थितीत दाबा आणि स्क्रूड्रायव्हर जरा हलवून बघा. दिवा फडफडला तर स्विच गेलाय. आकडा सोडवायला बाहेरचं हँडल ओढावं लागतं. ते न ओढता दार आपटलं तर आकडा दाराच्या चौकटीच्या खांबावर आदळून वाकेल.

लॅचही ठीक असेल तर दार आणि खांब यांच्यामधली रबरी नळी सरकवून आतल्या वायरी बघा. दर वेळी दार उघडताना त्या तिथंच वाकतात आणि वर्षानुवर्षांनी प्लास्टिकच्या आत तांबं तुटतं. बाहेरून वायर धड दिसते. एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढा. तुटलेली असेल ती रबरासारखी ताणली जाते. तिथं नुसती चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही. नवा लवचिक तुकडा सोल्डर करून, त्यावर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवून, सांधा वाकणाऱ्या भागाच्या बाहेर, दाराच्या आत नेऊन बसवावा लागतो. नाहीतर दोन महिन्यांत तोच खटका पुन्हा.